ग्रुप थेरपी: सगळ्यांचं ऐकणाऱ्या आशाताईंचं कोण ऐकणार?

पाड्यावर एखादं बाळ दगावलं की आशाताई त्या घरी जाते. आईजवळ बसते, वर कळवते, फॉर्म भरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा लसीकरणाची यादी हातात. वाशिंद, शहापूर, मुरबाड, सगळीकडे हेच. आशा ही त्याच गावची रहिवासी असावी असा नियम आहे, त्यामुळे दगावलेलं बाळ बहुतेकदा ओळखीच्या घरातलंच असतं.

अशा कामातून येणाऱ्या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो शब्द वापरला, तोही एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणाचा परिणाम आहे, असंही संघटना म्हणते.

ग्रुप थेरपीत नक्की होतं काय?

आठ-दहा माणसं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गोल करून बसतात. सोबत एक प्रशिक्षित व्यक्ती असते. ती भाषण देत नाही. बोलणं भरकटू नये आणि कुणी कुणाला झोडपू नये, एवढं बघते. सुरुवातीला तर बरेच जण गप्पच असतात. मग कुणीतरी म्हणतं, “त्या घरावरून जायचंच टाळते मी,” आणि समोरची म्हणते, “मीसुद्धा.” हे ‘मीसुद्धा’ फार मोठं काम करतं. आपणच कमकुवत आहोत, हा समज तिथं गळून पडतो.

डॉक्टरांसाठी असे गट लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात चालवले. डॉक्टरनं मनात रुतून बसलेला एक रुग्ण सांगायचा, आणि गटानं औषधांवर नाही, तर त्या दोघांमधल्या नात्यावर बोलायचं. आजही ‘बॅलिंट ग्रुप’ याच नावानं ते चालतात.

आपल्याकडे गटाची ताकद व्यसनमुक्तीत दिसली. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये (१९८६) व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. वाशिंदहून लोकलनं गाठता येईल अशी संस्था म्हणजे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली आयपीएच.

मासिक मीटिंग म्हणजे ग्रुप थेरपी नव्हे

मीटिंगमध्ये आकडे विचारले जातात, आणि विचारणारे साहेब असतात. त्यांच्यासमोर “मला झेपत नाही” कोण म्हणणार? म्हणून गट चालवणारी व्यक्ती वरिष्ठ नसावी, आणि इथलं बोलणं हजेरीपटाला किंवा मोबदल्याला जोडलेलं नसावं.

खेड्यात गुप्ततेचा प्रश्न शहरापेक्षा अवघड असतो. गटातली एक जण दुसरीची जाऊ, तिसरीची शेजारीण. त्यामुळे वेगवेगळ्या गावांतल्या जणींचा गट बरा. प्रवासाचं भाडं आणि बुडालेल्या वेळेचा मोबदला कोण देणार, हेही आधीच ठरलेलं हवं, नाहीतर दुसऱ्या बैठकीला कुणी येत नाही.

आणखी एक. मोठा अपघात किंवा मृत्यू झाला की सगळ्यांना एकदाच बसवून “बोला, मोकळे व्हा” म्हणण्याची पद्धत आहे. पण अशा एकाच बैठकीनं आघाताचे पुढचे त्रास टळतात असा पुरावा संशोधनात मिळालेला नाही. काहींना उलट त्रासच झाला. गट उपयोगी पडायचा तर तो नियमित हवा आणि बोलण्याची सक्ती नको.

मोबदला महिनोन्महिने रखडत असेल तर त्याचा ताण मात्र कुठल्याही गटानं जाणार नाही. तो पैसे मिळाल्यावरच जाईल.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर गटाची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.