ज्या बॉलने घात केला, तोच पुन्हा खेळायचा: पृथ्वी शॉने नेमकं काय केलं?

डिसेंबर 2020, अ‍ॅडलेड टेस्ट. मॅचच्या दुसऱ्याच बॉलला विरारचा पृथ्वी शॉ शून्यावर बोल्ड. दुसऱ्या डावात 4 रन करून पुन्हा बोल्ड. दोन्ही वेळा बॅट आणि पॅडमधली फट नडली. त्याच डावात भारत 36 रनांत गारद झाला, पुढच्या टेस्टला शॉ बाहेर बसला आणि मीम्सचा पाऊस पडला.

हा तोच मुलगा, जो लहानपणी वडिलांसोबत पहाटेच्या लोकलने विरारहून वांद्र्याला प्रॅक्टिसला जायचा. 2018 मध्ये पदार्पणाच्या टेस्टमध्ये त्याने 134 रन केले होते. पण जुने रन अशा वेळी कामाला येत नाहीत.

मुंबईत परतल्यावर तो प्रवीण आमरेंकडे गेला. जी फट सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती, तिच्यावरच नेट्समध्ये काम सुरू झालं. बॅट शरीराच्या जवळून आणायची, पुन्हा पुन्हा. मग 2021 च्या विजय हजारे ट्रॉफीत 8 मॅचमध्ये 827 रन, 4 शतकं. एका हंगामातला तो त्यावेळचा विक्रम होता.

आपण बहुतेक जण उलटं करतो. ‘आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बघू’ म्हणतो. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मेंदू शिकतो की टाळलं म्हणूनच वाचलो, आणि भीती वाढते. म्हणून मानसोपचारात एक्स्पोजर थेरपी वापरतात, म्हणजे भीतीला थोडं थोडं सामोरं जायचं. समजा, विरार लोकलच्या गर्दीत कुणी पडलं आणि आता ट्रेनच नको वाटते. तर आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं. मग दुपारी, गर्दी नसताना, नालासोपारा ते विरार एकच स्टेशन. चर्चगेट खूप नंतर. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्येच मांडलं होतं की स्वतः करून जमलेली गोष्ट आत्मविश्वास सर्वात जास्त वाढवते. दुसऱ्याने दिलेला धीर तेवढा पुरत नाही.

भीतीने झोप उडाली असेल, घराबाहेर पडणंच बंद झालं असेल, तर एकट्याने प्रयोग नकोत. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे.

आणि हे एकदा करून भागत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये शॉ मुंबईच्या रणजी संघाबाहेर गेला. पुढच्या महिन्यात आयपीएल लिलावात त्याला कुणीच घेतलं नाही. 2025 मध्ये तो महाराष्ट्राकडून खेळायला लागला. केरळविरुद्ध पहिल्याच रणजी डावात पुन्हा शून्य. दुसऱ्या डावात 75. पुढच्या मॅचमध्ये, चंदीगडविरुद्ध, 222.