ख्रिस्ती भजन-कीर्तन

ख्रिस्ती भजन-कीर्तन : येशू ख्रिस्ताचे चरित्र व उपासना अभंग, ओवी, आख्यान या देशी रूपांत गाण्याची मराठी परंपरा.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे, सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण (पहा : ख्रिस्तपुराण) १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, कीर्तनाची घडण मात्र एकोणिसाव्या शतकात, अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर परिसरात, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्या हातून झाली. साथीला वीणा, टाळ, पेटी, तबला. निरूपणाला शास्त्रवचन, आख्यानाला उधळ्या पुत्रासारखा दृष्टान्त. अहमदनगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात हा साचा उपरा ठरण्याचे कारण नव्हते. स्टीफन्स यांचे समकालीन संतकवी दासोपंत (पहा : दासोपंत) याच जिल्ह्यातील अंबाजोगाईचे, आणि ओवी, पद, कीर्तन तेथील श्रोत्याच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या होते.

हे सारे केवळ धर्मप्रसाराचे साधन, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे : कीर्तनाची लोकप्रियता मिशनऱ्यांनी हेरली होती. परंतु १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची (पहा : टिळक, नारायण वामन) पदे आधीच श्रद्धावान असलेल्या मंडळींनी नित्य उपासनेत स्वीकारली, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती स्थिरावली, ती केवळ परक्यांना वळवण्यासाठी असती, तर घरच्या प्रार्थनेला त्यांची गरज पडली नसती. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची स्वतःची धारणा होती, म्हणून येथे अभंग हे श्रद्धेचे वरचे वेष्टन नसून तिच्याकडे नेणारी वाटच होय (पहा : अभंग, कीर्तन).