जात्यावरची ओवी आणि सासुरवासाचा भार

मराठी मुलखातील सामान्य घरांतल्या स्त्रियांनी स्वतःच्या मनस्तापाविषयी लिहून ठेवलेले साहित्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी जवळजवळ मिळत नाही, कारण बहुसंख्य स्त्रियांना अक्षरओळखच नव्हती. तरीही त्या काळातील स्त्रीमनावर कोणते ओझे होते आणि ते कसे वाहिले गेले, हे जाणून घेण्याचे एक मोठे साधन उपलब्ध आहे आणि ते म्हणजे दळताना-कांडताना म्हटलेल्या ओव्या. या ओव्यांकडे लोकगीतांचा गोडवा म्हणून पुष्कळदा पाहिले गेले, मात्र मानसिक ताणाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून त्यांचे वाचन फारच थोडे झाले आहे.

ही प्रथा किती जुनी आहे, याची एक निश्चित खूण बाराव्या शतकात सापडते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. 1129 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने ओवीला ग्रंथाचा छंद म्हणून प्रतिष्ठा देण्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ती बायकांच्या कष्टांशी जोडलेली होती. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिला दळू लागतो, आणि पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तिचे म्हणून एक जाते आजही दाखवले जाते. ज्या बाईला हातभार लावायला माणसांपैकी कोणी नव्हते तिने देवालाच जात्यापाशी बसवले, ही कल्पना भक्तीची तर आहेच, पण एकटेपणाचीही आहे.

जाते म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन गोल दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची लाकडी खुंटा धरून फिरवायची, आणि मधल्या तोंडात मुठीमुठीने धान्य घालायचे, ज्याला वैरणे म्हणतात. खानदेशात याच जात्याला घरोट म्हणतात. दिवसभराच्या भाकरीचे पीठ पहाटे, घर निजलेले असताना काढायचे असल्यामुळे रोजच्या जीवनातील हाच एक प्रहर सुनेच्या वाट्याला काहीसा मोकळा येत असे. समोर जाऊ, नणंद किंवा शेजारीण बसली तर दोघी मिळून खुंटा ओढीत, एकीने ओवी उचलली की दुसरी ती पुढे नेई, आणि दगडाच्या घरघरीत शब्द अर्धे लपत, अर्धे ऐकू येत. ओवीच्या चालीला गळा म्हणत. श्वास, हाताची ओढ आणि गळा यांचा मेळ बसला की श्रम सुसह्य होत असत, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, एरवी जे बोलता येत नव्हते ते कामाच्या निमित्ताने गाता येत होते.

जे बोलता येत नव्हते त्याचा मोठा भाग सासुरवासाचा होता. सासुरवास म्हणजे सासरच्या घरात सुनेला होणारा जाच: अपुरे अन्न, टोमणे, माहेरी जाण्यास नकार, कधी मारहाण, आणि या सर्वांविषयी गप्प राहण्याची सक्ती. मुली किती लहान वयात सासरी जात, याची कल्पना कायद्यांवरून येते. संमतिवयाच्या 1891 च्या कायद्याने शरीरसंबंधासाठीची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षे केली, तेव्हा त्यालाही पुण्यात कडवा विरोध झाला, आणि मुलीच्या विवाहाचे वय चौदा करणारा शारदा कायदा येण्यास 1929 साल उजाडावे लागले. आईपासून तुटलेल्या आणि परक्या घरात सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या या मुलीला स्वतःच्या नावाने तक्रार करणे धोक्याचे होते.

म्हणून ओवीने आडवळणाच्या अनेक वाटा काढल्या. कधी जात्यालाच ईश्वर मानून त्याच्याशी बोलायचे. कधी भावाला निरोप धाडायचा, तो मुऱ्हाळी होऊन न्यायला येईल याची वाट पाहायची. आणि कधी सीतेचे नाव पुढे करायचे. जात्यावरच्या रामकथेत रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेचा वनवास मोठा आहे, आणि कैकेयी तेथे राजमाता म्हणून कमी व छळणारी सासू म्हणून अधिक दिसते. सीतेविषयी गाणाऱ्या सुनेला कोणी जाब विचारू शकत नव्हते, आणि पलीकडच्या खोलीत जागी असलेल्या सासूला काय समजायचे ते समजत होते. स्वतःचे दुःख दुसरीच्या नावाने, तेही पूज्य स्त्रीच्या नावाने सांगण्याची ही रीत मराठी स्त्रियांच्या प्रतिभेचे फार मोठे काम मानले पाहिजे.

मात्र ओवीने जाच थांबला असे समजणे चुकीचे ठरेल. मन हलके होई, पण परिस्थिती तशीच राही. शिवाय ज्या दळणाने गाण्याची जागा दिली तेच दळण आजारपणात आणि गरोदरपणातही सुटत नसल्याने मुळात ताणाचे एक कारण होते. ओव्यांतील नवऱ्याची आणि सासरच्या वैभवाची स्तुतीही निव्वळ समाधानाची खूण मानू नये. कित्येकदा ती मिळावे असे वाटणाऱ्या मायेची इच्छा असावी.

छापील साहित्यात हे दुःख उशिरा आले. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि रमाबाई रानडे यांनी 1910 च्या आपल्या आठवणींत, शिकू लागल्याबद्दल घरातल्याच बायकांकडून सोसाव्या लागलेल्या बोलण्याची हकीकत नोंदवली. लिहिता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांनी मात्र ओवीच्याच वळणाने संसार, वैधव्य आणि मनाचे चंचलपण रचले. 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुढील वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, तेव्हा मौखिक परंपरेत केवढे चिंतन साठलेले आहे हे शिक्षित वाचकांना उमगले.

संग्राहकांची दृष्टी काळानुसार बदलत गेली. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या वेचल्या त्या प्रामुख्याने वात्सल्य आणि त्याग यांच्या ओढीने, आणि सरोजिनी बाबर यांच्या प्रयत्नांतून लोकसाहित्याचे विपुल संकलन झाले. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील गरीब स्त्रियांबरोबर काम करताना 1980 च्या दशकात जे संकलन आरंभले त्यात पुढे एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. तेथे गाणारीचे नाव, गाव आणि जात यांचीही नोंद झाली, हे त्याचे खरे मोल आहे. याच संग्रहात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांविषयी गायिलेल्या ओव्या आहेत. माहेरच्या आधाराची जुनी भाषा तेथे समाजाच्या मुक्तीकडे वळलेली दिसते.

विसाव्या शतकात डिझेलच्या आणि पुढे विजेच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या, आणि जाते बाजूला पडले. तो बदल स्त्रियांच्या शरीरासाठी निःसंशय हिताचा होता, त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही; पण जात्याबरोबर गाण्याचे निमित्त गेले, आणि सासरचा जाच मात्र त्याच वेगाने गेला नाही. ज्यांनी स्वतः जाते ओढले त्या पिढीतील स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्याकडून ओव्या टिपून घेणाऱ्यांनी गोड ओव्या निवडून कडू ओव्या वगळू नयेत, आणि प्रत्येक ओवीपुढे ती गाणाऱ्या बाईचे नाव, तिच्या संमतीने, अवश्य लिहावे.