भोसरीतली 'नारी'

नॅशनल एड्स रिसर्च इन्स्टिट्यूट. या चार शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'नारी' होतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने ऑक्टोबर 1992 मध्ये पुण्यात ही संस्था काढली. नाव जुळवलेलं असो की आपसूक जुळलेलं, पाचच वर्षांत ते खरं ठरलं.

विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही पुण्यात होतीच. ही नवी संस्था भोसरीच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या शेजारी वसली. तेव्हा एचआयव्हीवर आपल्याकडच्या रुग्णाच्या हाती पडेल असं औषधच जवळजवळ नव्हतं. रक्त तपासायचं, समजावून सांगायचं, अंगावरच्या दुखण्यावर इलाज करायचा आणि पुन्हा या म्हणायचं. त्या 'पुन्हा या'वर निम्मं संशोधन उभं होतं. माणूस परत आलाच नाही, तर लागण कधी आणि कशी झाली हे कळणार कसं?

मे 1993 ते जुलै 1996 या काळात पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या 916 बायकांचा अभ्यास झाला. त्यांतल्या 525 वेश्याव्यवसायातल्या होत्या आणि त्यांच्यापैकी 49.9 टक्के बाधित निघाल्या. आकडा भयंकर, पण तशी भीती होतीच. धक्का बसला तो उरलेल्या 391 जणींमुळे. या घरसंसारातल्या बायका, तरी त्यांच्यात लागणीचं प्रमाण 13.6 टक्के निघालं. 'नारी'चे डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हे निष्कर्ष 'जामा' या अमेरिकी नियतकालिकात मांडले, तेव्हा शीर्षकातच विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांचा उल्लेख होता.

एकनिष्ठ राहा, हाच तर तेव्हाच्या प्रचाराचा सल्ला! या बायका तो न सांगताच पाळत होत्या. लागण नवऱ्याकडून आली होती, आणि त्याला निरोध वापरायला सांगणं म्हणजे घरात संशयाची ठिणगी टाकणं. माझ्या मते संस्थेने पुढे बरंच काही केलं, पण एवढं अस्वस्थ करणारं दुसरं काही दाखवलं नाही.

औषधांचं चित्र 2001 मध्ये हललं. मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च 350 डॉलरवर आणायची तयारी दाखवली. परदेशी कंपन्यांचा भाव तोवर दहा हजारांच्या घरात असे. 1 एप्रिल 2004 पासून देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत ही औषधं मोफत मिळू लागली. 2005 मध्ये 'नारी'त भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण प्रतिकारशक्ती जागवण्यात कमी पडली. प्रकरण तिथेच मिटलं.

त्याच सुमारास पुण्यातली जोडपी एका मोठ्या जागतिक चाचणीत सामील होत होती. नाव रुक्ष, एचपीटीएन 052. नऊ देशांतली 13 केंद्रं, 1763 जोडपी. प्रत्येकात एक बाधित, दुसरा नाही. अर्ध्या जोडप्यांतल्या बाधिताला औषध लगेच सुरू केलं, बाकीच्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशी घटेपर्यंत थांबवलं. मे 2011 मध्ये निकाल जाहीर झाला. जोडीदाराकडूनच झालेल्या 28 लागणींपैकी औषध लगेच घेणाऱ्यांच्या गटात फक्त एक होती. म्हणजे बाधिताने वेळेवर घेतलेली गोळी जोडीदारालाही वाचवत होती. थांबवलेल्यांनाही मग औषध देऊ केलं. उरलेल्या 27 जणांसाठी मात्र ते उशिरा आलं, हे या यशाच्या कथेत सहसा कोणी सांगत नाही.

बाधित आढळला की सीडी4 न पाहता औषध सुरू करायचं, हे धोरण भारताने 2017 मध्ये स्वीकारलं. नवऱ्याला निरोधाबद्दल विचारू न शकणाऱ्या बाईला यातून थोडी तरी आडवाट मिळाली. अर्थात नवऱ्याने तपासणी करून घेतली तर!

अलीकडे संस्थेचं काम इतर विषाणूंकडेही वळलं आहे आणि नावही बदललं आहे: नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च. याच्या आद्याक्षरांतून 'नारी' निघत नाही.