पुणे जहागीर आणि महार वतन

सरंजामी प्रदेशाचा इतिहास बहुधा त्याच्या धन्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पुणे परगण्याचेही तसेच झाले आहे. निजामशाहीने पुणे व सुपे हे परगणे मालोजी भोसले यांस जहागीर दिले. पुढे ते शहाजीराजांकडे आले. इ.स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. त्यानंतर शिवाजी महाराज, मोगल, पेशवे आणि १८१८ नंतर इंग्रज असे धनी पालटत गेले. परंतु धनी पालटला म्हणून गाव पालटले काय?

जहागीर ही चाकरीबद्दल मिळालेली महसुलाची नेमणूक होती. राजसत्ता ती काढून घेऊ शके. वतन मात्र वंशपरंपरेने चाले. पाटील-कुलकर्ण्यांचे वतन मानाचे होते, महाराचे वतन राबणुकीचे. वेशीची राखण, शिवेच्या तंट्यात साक्ष, सरकारी साऱ्याची पोचवणूक, सांगावे नेणे आणि मेलेली गुरे ओढणे ही त्याची कामे. मोबदला म्हणून हाडोळ्याची जमीन आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. जहागीरदार कोणीही असो, सारा खजिन्यात पोचे तो याच श्रमांवर.

येथे जपानचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे सामुराई सरदारांची शेकडो संस्थाने होती आणि त्यांच्या राज्यात मेलेल्या जनावरांचे व कातड्याचे काम करणारे लोक अस्पृश्य गणले जात. १८७१ साली सरकारने ही संस्थाने बरखास्त केली आणि त्याच वर्षी या लोकांचा हीन दर्जाही कायद्याने रद्द केला. तथापि जमीन व साधने न मिळाल्याने तिरस्कार आणि दारिद्र्य उरलेच. म्हणून १९२२ मध्ये क्योतो येथे त्यांना ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना उभारावी लागली.

मुंबई इलाख्यात याच्या उलट घडले. येथील सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने वंशपरंपरागत चाकरीस कायद्याचे बळ दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली. इंग्रजी अंमलातील पुणे जिल्ह्यात ती चालूच राहिली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. अल्प मोबदल्यात वतनदाराचे सारे कुटुंब अहोरात्र राबविले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर १४० वर्षांनी.

या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. सत्ता बुडाली की तिचा धनी जातो. तिने जन्मावर लादलेली चाकरी आपोआप जात नाही. ती कायद्याने मोडावी लागते, जमिनीच्या हक्काने भरून काढावी लागते आणि मनातून उपटून टाकावी लागते.