बुळकांडीचा अस्त

जुन्या शेतकरी घरांतील एखाद्या वयोवृद्ध गृहस्थापुढें 'बुळकांडी' हा शब्द उच्चारला, तर तो क्षणभर स्तब्ध होतो. पण त्याच घरांतील नातवंडांस हा शब्द रोगाचा आहे कीं रानांतल्या एखाद्या वेलीचा आहे, हेंही सांगतां येत नाहीं. दोन पिढ्यांच्या स्मृतींतील हें अंतर म्हणजेच मानवी इतिहासांतील एका मोठ्या विजयाचें चिन्ह होय. या विजयाच्या तिथीस कोणी गुढ्या उभारीत नाहीं. ज्या घरांत सकाळीं दुधाचें भांडें निर्वेधपणें भरतें, त्या घरास त्यामागील कित्येक पिढ्यांचे श्रम ठाऊक असण्याचें कारणही नाहीं. तथापि ही हकीकत आमच्या वाचकांस माहीत असावी असें आम्हांस वाटतें; कारण औषध सांपडणें आणि रोग नाहींसा होणें या दोन गोष्टींत केवढें अंतर असतें, याचा इतका स्पष्ट धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. बुळकांडी हा गाय, बैल, म्हैस इत्यादि रवंथ करणाऱ्या जनावरांचा रोग. जनावरास एकाएकीं ताप भरे, डोळ्यांतून व नाकांतून पाणी गळूं लागे, तोंडांत व हिरड्यांवर व्रण पडत, लाळ सुटे, चारा तुटे. मग दुर्गंधियुक्त हगवण लागे आणि आठ-दहा दिवसांत तें बहुधा प्राण सोडी. या रोगाचा विषाणु माणसाच्या गोंवराच्या विषाणूचा सख्खा आप्त. परंतु माणसास तो बाधत नसे. माणसाचा घात तो निराळ्या मार्गानें करी. मृगाच्या तोंडावर गोठा रिकामा झाला, म्हणजे नांगर उभा राही, पेरणी चुके, मोट थांबे, लेंकरांचें दूध तुटे, आणि शेतकरी नवी बैलजोडी घेण्याकरितां सावकाराच्या दारीं जाई. जनावरांचा रोग पाहतां पाहतां माणसांचा दुष्काळ होई.

युरोपखंडास या रोगाची ओळख फार जुनी. 1711 सालीं तो इटलींत शिरला व लवकरच रोमपर्यंत पोंचला. तेव्हां पोप अकरावा क्लेमेंट याचा वैद्य लान्चिसी यानें असा सल्ला दिला कीं, औषधपाण्याच्या नादीं न लागतां रोगी जनावरें मारून चुन्यांत पुरावीं आणि गुरांची ये-जा बंद करावी. उपाय कठोर होता खरा. पण रोगजंतूंचें ज्ञान नव्हतें त्या काळीं संसर्गाची सांखळी तोडण्याचें हें धोरण दूरदर्शी होतें यांत संशय नाहीं. पुढें क्लोद बूर्झला यानें फ्रान्समधील लियों शहरीं जगांतील पहिली पशुवैद्यकशाळा काढली. तिला राजाज्ञा 1761 सालीं मिळाली, आणि गुरांच्या या सांथींस आळा घालणें हा तिच्या स्थापनेचा एक प्रमुख हेतु होता. पशुवैद्यक हें शास्त्र या रोगाच्याच पोटीं जन्मास आलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या रोगाचें सर्वांत उग्र रूप दिसलें तें मात्र आफ्रिकेंत. 1887 च्या सुमारास इटालियन सैन्याकरितां आणलेल्या गुरांबरोबर तो लाल समुद्राच्या कांठीं उतरला, आणि अवघ्या दहा वर्षांत त्यानें त्या खंडाचें दक्षिण टोंक गांठलें. जेथें जेथें तो गेला, तेथें शेंकडा 80 ते 90 गुरें मेलीं. इथिओपियांत नांगरास बैल उरला नाहीं. त्यांत अवर्षणाची व टोळांची भर पडली आणि तेथील सुमारें एकतृतीयांश प्रजा दुष्काळांत नष्ट झाली, असा अंदाज इतिहासकार देतात.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांतील गुरांच्या सांथींची चौकशी करण्याकरितां हॅलन या लष्करी पशुवैद्याच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक कमिशन नेमलें होतें. त्याचा अहवाल 1871 सालीं प्रसिद्ध झाला, आणि या रोगाची व्याप्ति सर्वांस कळून आली. सरकारची ही कळकळ निव्वळ भूतदयेची होती असें आम्ही म्हणत नाहीं. लष्करास गाडे ओढण्याकरितां बैल हवे होते, आणि ज्याचा बैल मेला तो शेतकरी सारा देऊं शकत नाहीं, हेंही उघड होतें. परंतु हेतु कोणताही असो, त्यांतून निघालेलें काम मोठें ठरलें. 1886 सालीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें कॉलेज निघालें. आणि 1889 सालच्या डिसेंबरांत पुण्याच्या सायन्स कॉलेजांत जनावरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. आज बरेलीनजीक इज्जतनगर येथें जी भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे, तिचें मूळ पुण्यास आहे, ही गोष्ट पुणेकरांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

प्रयोगशाळेचा पहिला प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड याच्यापुढें लवकरच एक विचित्र पेंच उभा राहिला. रोगाचा अभ्यास करावयाचा, तर रोगाचें बीज जिवंत ठेवावयास पाहिजे. आणि भोंवतालीं गुरांची दाट वस्ती असतां तें बीज निसटलें, तर प्रयोगशाळाच सांथीचें मूळ व्हावयाची. म्हणून 1893 सालीं सर्व बिऱ्हाड हलवून हिमालयाच्या कुमाऊं प्रांतांत, मुक्तेश्वर येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसात हजार फूट उंचीवरील निर्जन अरण्यांत नेण्यांत आलें. 1897 सालीं प्लेगच्या चौकशीसाठीं मुंबईस आलेला सुप्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हाही या प्रयोगशाळेस भेट देऊन गेला. त्यापूर्वीं कांहीं महिने दक्षिण आफ्रिकेंत त्यानें असें दाखविलें होतें कीं, या रोगानें मेलेल्या जनावराचें पित्त निरोगी जनावरास टोंचलें तर पुष्कळ अंशीं त्याचें रक्षण होतें. मुक्तेश्वरास 1899 पासून रोगप्रतिबंधक रक्तरस, म्हणजे सीरम, तयार होऊं लागला.

परंतु सीरमचा गुण कांहीं दिवसच टिके. तो टिकाऊ व्हावा म्हणून सीरमबरोबरच रोगी जनावराचें जहाल रक्त टोंचण्याची युक्ति निघाली; पण तिच्यांत दुसरा धोका होता. त्या रक्तावाटे गोचिडांच्या तापाचे जंतु निरोगी जनावरांत शिरत, आणि एक रोग टाळतांना दुसरा पदरीं पडे. हें संकट टाळावें एवढ्याच हेतूनें मुक्तेश्वरचे संचालक एडवर्ड्स यांनीं 1920 नंतरच्या दशकांत रोगाचें बीज बैलाऐवजीं शेळ्यांत वाढविण्यास आरंभ केला. कारण शेळीच्या रक्तांत बैलाचे ते जंतु जगत नाहींत. एका शेळींतून दुसऱ्या शेळींत असे पुष्कळ फेरे झाल्यावर असें दिसून आलें कीं, त्या विषाणूचा जहालपणाच ओसरला आहे, आणि सीरमवांचून तो नुसता टोंचला तरी बहुतेक देशी गुरें तो सोसतात व पुढें दीर्घकाळ निर्भय होतात. शोधावयास गेले एक व सांपडलें दुसरें! एका गरीब प्राण्याच्या देहांतून फिरून आलेलें विषच या देशाच्या गोठ्यांचें कवच झालें.

येथें वाचक विचारतील, "मग रोग तेव्हांच कां नाहीं गेला?" या प्रश्नांतच आमच्या हकीकतीचें मर्म आहे. शेळींतून काढलेली लस 1930 च्या सुमारास हातीं होती. या देशांतील शेवटची सांथ नोंदली गेली ती 1995 सालीं. मधलीं पासष्ट वर्षें कोठें गेलीं?

पहिलें उत्तर असें कीं, या रोगाला सरहद्द ठाऊक नव्हती. 1920 सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलला जाणारीं वशिंडाचीं गुरें बेल्जममधील अँटवर्प बंदरांत उतरलीं, आणि तेवढ्यावरून त्या देशांत सांथ उसळली. त्या धक्क्यानें निरनिराळीं राष्ट्रें एकत्र आलीं, आणि 1924 सालीं पॅरिस येथें 28 राष्ट्रांनीं जनावरांच्या सांथींकरितां एक आंतरराष्ट्रीय कचेरी स्थापन केली. मनुष्यांच्या जागतिक आरोग्यसंघटनेहून ती चोवीस वर्षांनीं वडील आहे!

दुसरें उत्तर आपल्या घरचेंच आहे. स्वातंत्र्यानंतर 1954 सालीं सर्व देशभर लस टोंचण्याची योजना सुरू झाली. शेंकडा 80 गुरांस लस टोंचावयाची, असें तिचें उद्दिष्ट होतें. ढोरांचे डॉक्टर व त्यांचे मदतनीस बर्फांत ठेवलेल्या कुप्या घेऊन गांवोगांव हिंडले, आणि वर्षाकाठीं हजारोंनीं मोजल्या जाणाऱ्या सांथी थोड्याच वर्षांत शेंकड्यांवर आल्या. पण तेथेंच गाडें अडलें. संकट ओसरलें कीं दक्षताही ओसरते, हा मनुष्यस्वभाव आहे. लस टोंचल्याच्या आंकड्यांनीं कागद भरत राहिले; परंतु उरलेला विषाणु नेमका कोणत्या कळपांत दडला आहे, याचा शोध चिकाटीनें झाला नाहीं. घरांतील केर बहुतेक झाडून कोपरे तसेच ठेवावे, तसा हा प्रकार झाला.

दरम्यान शास्त्र पुढें गेलें होतें. 1960 च्या सुमारास केनियांत वॉल्टर प्लॉराइट यांनीं वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणु वाढवून अशी लस सिद्ध केली कीं, ती कोणत्याही जातीच्या गुरास अपाय न करतां जन्मभर पुरे. पुढें उन्हांतही महिनाभर टिकणारी लस निघाली, आणि जेथें बर्फ जात नाहीं तेथें ती गुराख्यांच्या खांद्यावरून गेली. आफ्रिकेंतील धनगरांतूनच लस टोंचणारे तयार करण्यांत आले. कोणत्या कळपांत कोणतें जनावर आजारी आहे, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

आपल्या देशांत 1992 सालीं नव्या जोमानें निर्मूलनाचा कार्यक्रम आंखला गेला. यावेळीं 'किती टोंचलें' या प्रश्नाहून 'रोग कोठें उरला' या प्रश्नास अधिक मान मिळाला. 1995 सालीं तामिळनाडूंत शेवटची सांथ नोंदली गेली. यानंतरचें पाऊल आम्हांस सर्वांत धैर्याचें वाटतें: लस टोंचणें थांबविण्यांत आलें! ज्या कवचाच्या बळावर लढाई जिंकली, तेंच उतरवून ठेवणें कोणास वेडेपणाचें वाटेल. परंतु लस टोंचलेल्या कळपांत रोग दिसला नाहीं, यावरून तो गेला हें सिद्ध होत नाहीं. उघड्या, निष्कवच कळपांतही तो दिसला नाहीं, म्हणजेच तो गेला. ही परीक्षा उतरून 2006 सालीं भारत या रोगाच्या संसर्गापासून मुक्त ठरला. जगांत या विषाणूचें शेवटचें दर्शन 2001 सालीं केनियांतील रानरेड्यांत झालें, आणि 28 जून 2011 रोजीं रोम येथें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें त्याच्या समूळ उच्छेदाची घोषणा केली. माणसाच्या देवीच्या रोगानंतर मनुष्यानें पृथ्वीतलावरून घालविलेला हा दुसराच रोग, आणि जनावरांचा तर पहिलाच.

या यशाचे वांटेकरी कोण, याचा विचार करतां आमच्या डोळ्यांपुढें कॉख, एडवर्ड्स, प्लॉराइट यांच्याबरोबर आणखी एक व्यक्ति उभी राहते. ती म्हणजे आपला बैल आजारी पडल्याचें न लपवितां दवाखान्यांत वर्दी देणारा शेतकरी. वर्दी दिली तर बाजार बंद होईल, शेजारी बोल लावतील, हें ठाऊक असूनही ज्यानें ती दिली, त्याच्यावांचून शेवटचा कोपरा झाडला गेला नसता. प्रयोगशाळा रोगाचें बीज ओळखूं शकते. गोठ्यांत काय घडलें, हें तिला गोठ्याच्या धन्यानेंच सांगावें लागतें.

2022 सालीं 'लंपी' नांवाचा गुरांचा चर्मरोग महाराष्ट्रांत पसरला, तेव्हां हीच कसोटी पुन्हां लागली. त्याही वेळीं गोठ्यांच्या मदतीस आली ती शेळ्यांच्या देवीवरील लस. मुक्तेश्वरच्या शेळ्यांचें स्मरण करून देणारा हा योगायोग! त्या सांथींत ज्यांचीं जनावरें गेलीं, त्यांस बुळकांडी म्हणजे काय असेल याची थोडी कल्पना आली असेल. लस होती; पण ती वेळेवर पोंचावी, आणि रोग्याची बातमी तिच्याही आधीं पोंचावी, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं होता तेथेंच आजही आहे. बुळकांडी गेली ती एका शोधानें नव्हे, तर शोधानंतरच्या पासष्ट वर्षांच्या पाठलागानें गेली. पुढच्या रोगाच्या वेळीं हीं पासष्ट वर्षें कमी करणें, एवढेंच आतां आपल्या हातीं आहे.