पेनिसिलिन पिंपरीत बनायचं, हे आपल्या लेकरांना माहीत आहे का?

लातूरच्या किंवा नांदेडच्या कुठल्याही क्लासच्या गल्लीत उभं राहा. नीटची तयारी करणारी लेकरं दिसतील, हजारोंनी. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. चांगलंच आहे. पण डॉक्टर जे औषध लिहून देतो ते शोधतं कोण, बनवतं कोण, हे त्यांना कुणी सांगतं का? म्हणून ही जुनी गोष्ट.

न्यूमोनिया, पू झालेली जखम, बाळंतरोग यांवर पेनिसिलिन म्हणजे तेव्हा संजीवनीच. पण ते परदेशातून यायचं. मग केंद्र सरकारनं १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना काढला. यंत्रं युनिसेफनं दिली, तज्ज्ञ जागतिक आरोग्य संघटनेनं पाठवले. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. काम सोपं नव्हतं. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची, तिला सतत निर्जंतुक हवा पुरवायची. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला की अख्खी टाकी वाया! मार्च १९५६ मध्ये पंडित नेहरू कारखान्यात आले, तेव्हा आपला मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच होता.

खरी गंमत पुढं आहे. कारखान्यानं नुसत्या बाटल्या भरल्या नाहीत, संशोधनही केलं. डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटानं १९६० च्या सुमारास मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीच्या आजारांवरचं औषध शोधलं. त्या जीवाचं नाव ठेवलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाचं नाव असं विज्ञानात गेलं. पिकांवरच्या बुरशीसाठीचं ऑरिओफंगिनही याच प्रयोगशाळेतलं.

पुढं काय झालं? १९९० नंतर आयात खुली झाली, चीनचा स्वस्त कच्चा माल आला आणि कारखाना तोट्यात गेला. डिसेंबर २०१६ मध्ये देणी भागवण्यासाठी त्याची जादा जमीन विकायचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानं घेतला. आणि २०२० मध्ये, कोरोना दारात असताना, सरकारला कळलं की औषधांच्या कच्च्या मालासाठी आपण चीनवर अवलंबून आहोत. मग तो देशात बनवणाऱ्यांना प्रोत्साहन द्यायची योजना आली. तिच्या यादीत काय होतं? पेनिसिलिन-जी! जे पिंपरीत १९५५ ला बनत होतं, तेच.

स्वस्त मिळतंय म्हणून घरची विहीर बुजवली आणि दुष्काळात टँकरची वाट बघत बसलो, असं झालं हे. टँकर म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको.

नीटमध्ये थोडक्यात हुकलेलं लेकरू आपल्याकडं 'वाया गेलं' म्हणतात. त्याला औषधनिर्माणाची, सूक्ष्मजीवशास्त्राची वाट दाखवा. नांदेडच्या विद्यापीठात हे शिकायची सोय आहे. आणि आपल्या खासदारांना एकदा विचारा, मराठवाड्यात औषध संशोधनाची एक तरी सरकारी प्रयोगशाळा कधी येणार?